वसाहतीच्या ग्रुपवर नव्याने आलेल्यांसाठी: गैरसमज टाळण्याची आणि निस्तरण्याची रीत

आमच्या जुळे सोलापुरातील वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन उन्हाळ्यांपूर्वी मी एक वाक्य लिहिले होते: "आपण अजून टँकरचे पैसे दिलेले नाहीत." वसाहतीने, म्हणजे आम्ही सर्वांनी मिळून, टँकरवाल्याची रक्कम अद्याप चुकती केलेली नाही आणि ती या आठवड्यात द्यायला हवी, एवढेच मला म्हणायचे होते. माझ्या मेसेजच्या अगदी वर मात्र तळमजल्यावरील एका ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न होता की टँकर पुन्हा कधी येणार आहे. त्यांनी माझे 'आपण' स्वतःला उद्देशून आदराने वापरलेले मानले. आपला हिस्सा त्यांनी पहिल्याच दिवशी दिला होता, त्यामुळे सगळ्या शेजाऱ्यांदेखत आपल्याला थकबाकीदार ठरवले गेले असे त्यांना वाटले आणि पुढचे नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कारण मला कळले तेही त्यांच्या मुलाकडून, जिन्यात भेट झाली तेव्हा.

मराठीतील 'आपण' हा शब्द 'आम्ही आणि तुम्ही मिळून' असा अर्थ देतो आणि तोच शब्द 'तुम्ही'चे अधिक आदराचे रूपही असतो. समोरासमोर बोलताना नजर कुणाकडे आहे आणि हात कुठे फिरतो आहे यावरून कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते आपोआप कळते, पण मोबाइलच्या पडद्यावर ना नजर असते ना हात. तेव्हापासून मी 'वसाहतीने', 'आम्ही सर्वांनी' किंवा 'अमुक क्रमांकाच्या घराने' असे स्पष्ट लिहितो. वसाहतीच्या, शाळेच्या, पतसंस्थेच्या किंवा गणेश मंडळाच्या ग्रुपवर जे पहिल्यांदाच आले आहेत, त्यांना अशा गोष्टी नऊ दिवसांच्या अबोल्यातून शिकाव्या लागू नयेत, यासाठी हे लिहीत आहे.

सोलापुरात ही काळजी थोडी जास्तच घ्यावी लागते. कापड गिरण्या आणि यंत्रमागांच्या निमित्ताने येथे पिढ्यान्‌पिढ्या वसलेली तेलुगू भाषक कुटुंबे, अक्कलकोट आणि विजापूरच्या बाजूचे कन्नड भाषक, घरात उर्दू किंवा दक्खनी बोलणारे शेजारी आणि मराठी भाषक असे सगळे एकाच जिन्याने चढतात आणि एकाच ग्रुपवर असतात. ग्रुपची भाषा बहुधा मराठी असते, परंतु ती लिहिणाऱ्यांपैकी आणि वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची ती घरची भाषा नसते. त्यामुळे एखादे वाक्य उद्धट वाटले तर त्यामागे माणसाचा स्वभाव असण्यापेक्षा भाषांतराची अडचण असण्याची शक्यता येथे अधिक असते.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त वाचा

ग्रुपमध्ये घेतल्याबरोबर लिहू नका. वरच्या नावावर बोट ठेवून ग्रुपचे वर्णन उघडा, कारण ग्रुप कशासाठी आहे आणि तेथे काय टाकू नये हे बहुतेक ॲडमिन तेथे लिहून ठेवतात. नंतर आठ दिवस कोण कुणाला कसे संबोधतो, पाणी येण्याची बातमी कोण देतो, कुणाच्या प्रश्नाला लगेच उत्तर मिळते आणि कोणत्या विषयावर सगळे गप्प होतात, हे पाहा. प्रत्येक ग्रुपला तुम्ही येण्यापूर्वीचा इतिहास असतो. वाहनतळाचा विषय निघताच दोन घरे अबोल होत असतील तर त्यामागे जुना वाद असतो, आणि नव्या माणसाने निरागसपणे विचारलेला प्रश्न त्या वादात एका बाजूची साक्ष ठरू शकतो.

दुसरी पायरी: ओळख द्या आणि ओळखू येईल असे नाव ठेवा

ज्यांनी तुमचा क्रमांक साठवलेला नाही त्यांना तुम्ही व्हॉट्सॲपवर स्वतःसाठी ठेवलेले नावच दिसते. तेथे 'माऊली' किंवा केवळ एखादे चित्र असेल तर बोलणारा कोण आहे हे कुणालाही समजत नाही, आणि अनोळखी माणसाचे शब्द नेहमी थोडे अधिक कठोर वाटतात. नाव आणि आडनाव ठेवा. पहिल्या मेसेजमध्ये घर क्रमांक, पूर्वी कुठे राहत होता आणि कामाच्या वेळा एवढे पुरे आहे. रात्रपाळी असेल तर ते आवर्जून सांगा, म्हणजे सकाळी दहाला उत्तर आले नाही तर कुणी त्याचा वेगळा अर्थ काढणार नाही.

तिसरी पायरी: संबोधन

वयाचा अंदाज नसेल तेव्हा 'तुम्ही' वापरा. समोरच्याने स्वतः सांगितल्याशिवाय 'तू'वर येऊ नका, मग तो तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान का असेना. काका, काकू, मावशी ही संबोधने चालतात, तेलुगू आणि कन्नड भाषक घरांत अण्णा आणि अक्का अधिक आपुलकीची वाटतात, उर्दू भाषक घरातील स्त्रीला भाभी किंवा आपा म्हणतात. शंका असल्यास आडनावापुढे 'सर' किंवा 'मॅडम' लावल्याने कुणाचाही अवमान होत नाही.

पुण्या-मुंबईहून किंवा विदर्भातून बदली होऊन आलेल्यांसाठी येथे एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी. सोलापूरकरांच्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी 'की' येतो: "या की घरी", "बसा की", "सांगा की मग". हा 'की' आग्रहाचा आहे, आणि त्या आग्रहात मायाच असते. परंतु "पैसे भरा की" हे वाक्य पडद्यावर वाचणाऱ्या नव्या माणसाला वैतागून दिलेली आज्ञा वाटते. माझ्या माहितीतील एक बाई असे एक वाक्य वाचून ग्रुप सोडून गेल्या होत्या, आणि लिहिणाऱ्याला त्यात दुखावण्यासारखे काय होते ते समजेपर्यंत दोन आठवडे गेले. तसेच मित्रांमध्ये 'काय बे' किंवा 'काय मालक' असे म्हणणे येथे रोजचे आहे. त्यांपैकी 'मालक' ग्रुपवर खपून जाते. 'बे' मात्र मित्रांतच राहू द्या, कारण ग्रुपवर त्या मित्राचे सासरेही असू शकतात.

चौथी पायरी: काळ, वार आणि लिपी

ज्या शहरात अनेक वर्षे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येत आले, त्या शहरात 'पाणी कधी' हा ग्रुपवरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो, आणि नेमका याच प्रश्नावर सर्वाधिक घोटाळा होतो. एका शेजाऱ्याने रात्री इंग्रजी अक्षरांत 'के ए एल' आणि पुढे 'पानी' एवढेच लिहिले. त्यांच्या दक्खनीत 'कल' म्हणजे उद्या, आणि तोच अर्थ त्यांच्या मनात होता. ते वाचणाऱ्या मराठी घराने तो शब्द 'काल' असा वाचला, म्हणजे पाणी काल येऊन गेले असे समजून त्यांनी पहाटे मोटार लावलीच नाही. त्या घराची पाळी चुकली आणि पुढची पाळी येईपर्यंत त्यांना जारचे पाणी विकत घ्यावे लागले. त्या दोन घरांमध्ये नंतर जे बोलणे झाले त्यात दोघांचाही दोष नव्हता.

म्हणून 'उद्या', 'परवा', 'आज रात्री' हे शब्द एकटे लिहू नका. मेसेज तुम्ही लिहिता त्या दिवशीच वाचला जाईल याची खात्री नसते, आणि रात्री साडेअकराला लिहिलेला 'उद्या' सकाळी वाचणाऱ्यासाठी एक दिवस पुढे सरकतो. "गुरुवारी, १४ तारखेला, पहाटे ५ ते ७" असे लिहिले की कुठल्याही भाषेच्या घरात त्याचा एकच अर्थ होतो. शक्य असेल तर मराठी देवनागरीतच लिहा. रोमन अक्षरांत 'बरा' आणि 'बारा' सारखेच दिसतात. ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर बोलून लिहिण्याची सोय आहे, ती शेजारच्या मुलांकडून एकदा शिकून घ्यावी.

ध्वनिसंदेश पाठवू नयेत, असा सल्ला बरेच जण देतात आणि कार्यालयीन ग्रुपपुरता तो योग्यही आहे. आमच्या वसाहतीत मात्र मराठी उत्तम समजणाऱ्या पण वाचायला अडखळणाऱ्या काही वयस्कर स्त्रिया आहेत, आणि त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश हीच खरी सौजन्याची गोष्ट ठरते. महत्त्वाची सूचना लिहून द्या आणि तीच बोलूनही द्या. ध्वनिसंदेश एक मिनिटापेक्षा मोठा होऊ देऊ नका.

पाचवी पायरी: कोणत्या मेसेजला उत्तर देत आहात ते दाखवा

ग्रुपवर एकाच वेळी तीन बोलणी चालू असतात. कुणाच्या मुलाला दहावीत चांगले गुण मिळाल्याची बातमी येते, तिच्यापाठोपाठ दुसऱ्या घरातील आजोबा गेल्याची बातमी येते, आणि पहिल्या बातमीसाठी लिहिलेले 'अभिनंदन' दुसऱ्या बातमीखाली जाऊन पडते. हे टाळणे सोपे आहे: ज्या मेसेजला उत्तर द्यायचे तो बोटाने उजवीकडे सरकवला की तो तुमच्या उत्तरासोबत दिसतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. दुःखाची बातमी आल्यावर इतर विषय निदान काही तास थांबवावेत. ते कुणी सांगण्याची वाट पाहू नये.

सहावी पायरी: स्वर

जस्टिन क्रुगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपण लिहिलेले वाक्य गंभीर आहे की उपरोधाचे, हे वाचणाऱ्याला सहज ओळखता येईल, असे ई-मेल लिहिणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांची ओळख नाणेफेकीपेक्षा फारशी बरी निघाली नाही, आणि तीच वाक्ये आवाजातून ऐकणाऱ्यांना मात्र ती बऱ्याच अधिक वेळा बरोबर ओळखता आली. याचे कारण समजण्यासारखे आहे: लिहिताना आपल्या मनात आपलाच आवाज चालू असतो आणि तो वाचणाऱ्यालाही ऐकू जातो असे आपण गृहीत धरतो. म्हणून ग्रुपवर उपरोध लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याची थट्टा केली तो कदाचित समजून घेईल, पण वाचणाऱ्या इतर साठ जणांचे तसे सांगता येत नाही.

ही अडचण नवी नाही. स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने १९ सप्टेंबर १९८२ रोजी विरामचिन्हांपासून बनवलेला हसरा चेहरा सुचवला, तो विनोदाने लिहिलेले वाक्य कुणी खरे मानू नये यासाठीच. आज चित्रांची रेलचेल आहे, परंतु त्यांचेही अर्थ घरागणिक बदलतात. जोडलेले हात म्हणजे नमस्कार, आभार, विनंती, श्रद्धांजली आणि कधी 'आता पुरे करा' असेही असते. अंगठ्याचे चित्र तरुणांपैकी काहींना तुसडे वाटते, तर वडीलधाऱ्यांना ते पूर्ण संमतीचे वाटते. म्हणून संमती द्यायची असेल तर 'मला मान्य आहे' असे तीन शब्द लिहा.

इंटरनेटवरील शिष्टाचाराची एक जुनी मार्गदर्शिका सॅली हॅम्ब्रिज यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये तयार केली होती. ती 'आरएफसी १८५५' या नावाने ओळखली जाते. सगळी इंग्रजी अक्षरे मोठी लिहिली तर ते ओरडल्यासारखे दिसते, असे तीत सांगितले आहे. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, म्हणून आपले ओरडणे चार उद्गारचिन्हांतून किंवा 'अहो उत्तर द्या???' अशा तीन प्रश्नचिन्हांतून प्रकट होते. एकच चिन्ह पुरते.

सातवी पायरी: मन दुखावले तर

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि बाकीच्या सगळ्या पायऱ्या विसरल्या तरी ही लक्षात राहावी असे मला वाटते. त्याच मार्गदर्शिकेत, भावनेच्या भरात लिहावेसे वाटणारे उत्तर एक रात्र थांबून पाठवावे असे म्हटले आहे, आणि पाठवताना काटेकोर व स्वीकारताना उदार असावे असेही. उदारपणाने वाचणे म्हणजे नेमके काय करायचे, ते सांगतो.

प्रथम मोबाइल खाली ठेवा. नंतर तो मेसेज त्या माणसाच्या बोलण्याच्या ढंगात मोठ्याने वाचून पाहा, कारण बहुतेक वेळा आपण तो आपल्या रागाच्या आवाजात वाचलेला असतो. त्यानंतर त्याच्या वरचे चार-पाच मेसेज वाचा आणि हे वाक्य खरोखर तुम्हालाच उद्देशून होते का ते तपासा. एवढे करूनही खटकत असेल तर त्या एकाच माणसाला वैयक्तिक मेसेज करा आणि त्यात आरोप न करता प्रश्न विचारा: "तुमच्या सकाळच्या मेसेजचा अर्थ मला असा वाटला की वर्गणी मी थकवली आहे. तुम्हाला तसेच म्हणायचे होते का?" या दोन वाक्यांत तुम्हाला काय समजले ते समोरच्याला कळते आणि खुलासा करण्याची वाटही मोकळी राहते. याउलट "असे बोलणे तुम्हाला शोभत नाही" या वाक्यानंतर त्या माणसाला स्वतःचा बचाव करण्याखेरीज काही उरत नाही.

वैयक्तिक मेसेजलाही कडवट उत्तर आले तर लिहिणे थांबवून फोन करा. आणि तोच माणूस त्याच इमारतीत राहत असेल तर फोनही नको, सरळ त्याच्या दारी जा. माझा नऊ दिवसांचा अबोला असाच मिटला: मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, मेसेज दाखवला, 'आपण' म्हणजे कोण हे सांगितले. काकूंनी चहा ठेवला आणि पुढे आम्ही पाण्याबद्दलच बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिले: "माझ्या १२ तारखेच्या मेसेजमधील 'आपण' हा शब्द संपूर्ण वसाहतीसाठी होता. त्यातून गैरसमज झाला, याबद्दल मी दिलगीर आहे. कुणाही एका घराकडे थकबाकी नव्हती." जे चारचौघांत घडले त्याचा खुलासाही चारचौघांतच करावा लागतो. खाजगीत मागितलेली क्षमा त्या घरापुरती पोहोचते, पण इतर शेजाऱ्यांच्या मनातील शंका तशीच राहते. दिलगिरी व्यक्त करताना 'कुणाला वाईट वाटले असल्यास' अशी अट घालू नका, कारण वाईट वाटलेले असते म्हणूनच आपण लिहीत असतो.

चूक लगेच लक्षात आली तर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येतो. मात्र पुसल्याची खूण मागे राहते आणि तेथे काय होते याविषयी लोक तर्क करू लागतात, म्हणून पुसल्यानंतर एका ओळीत कारण सांगा.

आठवी पायरी: मतभेद नाव घेऊन आणि विषयापुरता

आपल्याकडील ग्रुपवर सर्वांत जास्त नुकसान 'काही लोकांना' या दोन शब्दांनी होते. "काही लोकांना जिना स्वतःच्या मालकीचा वाटतो" असे लिहिणाऱ्याला वाटते की आपण नाव न घेऊन सभ्यता पाळली. प्रत्यक्षात ज्याच्यासाठी ते लिहिलेले असते तो ते वाचतही नाही, आणि ज्यांचा संबंध नसतो अशी पाच घरे ते स्वतःवर ओढवून घेतात. तक्रार एका घराविषयी असेल तर त्या घराशी बोला. ती सर्वांसाठी असेल तर नियम म्हणून लिहा: "जिन्यात सायकली ठेवल्यामुळे काल रुग्णाला खाली आणताना अडचण झाली. सायकली वाहनतळात ठेवाव्यात, ही सर्वांना विनंती आहे." घटना, तिचा परिणाम आणि विनंती यांपलीकडे चौथे वाक्य लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा.

निर्णय घ्यायचा असेल तर ग्रुपवरील मतदानाची सोय वापरा. गड्ड्याच्या यात्रेला एकत्र कधी जायचे, हे त्याने दहा मिनिटांत ठरते. वर्गणीवाढ किंवा लिफ्टची दुरुस्ती असे पैशांचे विषय मात्र बैठकीतच घ्यावेत.

एखाद्याने मेसेज वाचला की नाही हे पाहण्याची सोय ग्रुपमध्ये असते, आणि निळ्या खुणा बंद ठेवल्या तरी ग्रुपवर त्या दिसतातच. त्या माहितीचा उपयोग 'वाचूनही उत्तर नाही' असे जाहीरपणे म्हणण्यासाठी करू नये. वाचणारा दवाखान्याच्या रांगेत असू शकतो.

नववी पायरी: पुढे पाठवलेले मेसेज

दुहेरी बाणाची खूण असलेला मेसेज पाच किंवा अधिक वेळा हातोहात पुढे आलेला असतो. पाणीपुरवठा, शाळेची सुटी किंवा दोन समाजांतील तणाव यांविषयीचा असा मेसेज महापालिकेच्या किंवा पोलिसांच्या अधिकृत खात्यावर पडताळून पाहिल्याशिवाय वसाहतीत टाकू नका. ज्या ग्रुपवर चार भाषांची आणि अनेक श्रद्धांची घरे आहेत तेथे एका खोट्या मेसेजमुळे शेजाऱ्याच्या मुलांनी एकत्र खेळणे बंद होते, हे मी पाहिले आहे. दुसऱ्याच्या घरातील समारंभाची छायाचित्रेही विचारल्याशिवाय टाकू नयेत.

ॲडमिन झालात तर, आणि ग्रुप सोडायचा असेल तर

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे स्पष्ट केले की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला फौजदारी गुन्ह्यात जबाबदार धरता येणार नाही. तरीही नैतिक जबाबदारी उरतेच. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी पुसता येतो, म्हणून पुसण्यापूर्वी किंवा निदान त्यानंतर लगेच त्या सभासदाला फोन करून कारण सांगावे. वाद भडकला तर काही तासांसाठी 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' अशी व्यवस्था करता येते. ती करताना पुन्हा कधी खुले होईल ती वेळही लिहावी, अन्यथा तोंड बंद केल्याची भावना निर्माण होते.

घर बदलल्यामुळे किंवा मेसेजचा भार सोसत नाही म्हणून ग्रुप सोडायचा असेल तर गुपचूप बाहेर पडता येते आणि त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. मात्र सोडून गेलेल्यांची नावे साठ दिवस सभासदांच्या यादीत पाहता येतात, आणि कुणीतरी ती पाहतेच. म्हणून आदल्या दिवशी एक ओळ लिहा: "आम्ही १ तारखेपासून होटगी रस्त्यावर राहायला जात आहोत, म्हणून ग्रुप सोडत आहे. माझा क्रमांक तोच राहील." केवळ आवाजाचा त्रास होत असेल तर सोडण्याची गरज नाही. ग्रुप म्यूट करा, आणि पाण्याचा दिवस असेल तेव्हा फोन करून सांगायला एका शेजाऱ्याला विनंती करून ठेवा.